पॅराशूट ॲडम्स : ट्राउटच्या नद्यांवर तीन हंगाम

माझ्या डबीत आज मासे पकडण्याच्या ज्या कृत्रिम फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेले नकली किडे, आहेत, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या एकाच बांधणीच्या आहेत. अंग करडे, शेपटीची आणि गळ्याभोवतीची पिसे तपकिरी व करड्या रंगांच्या मिश्रणाची, आणि पाठीवर पांढऱ्या केसांचा एक उभा तुरा. पॅराशूट ॲडम्स या नावाने ही फ्लाय ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या नद्यांवर सर्वत्र ओळखली जाते. गेले तीन हंगाम मी ती १२ पासून २० नंबरपर्यंतच्या गळांवर आणि तीन निरनिराळ्या स्वभावांच्या पाण्यांवर वापरली. काही ठिकाणी तिने अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त दिले, एका ठिकाणी ती पुन्हा पुन्हा नाकारली गेली, आणि एकदा दोष फ्लायचा नसून ती बांधणाऱ्याचा निघाला. नवी रॉड घेतल्यावर मांडून ठेवलेल्या रंगीबेरंगी फ्लाय पाहून प्रत्येक प्रकारची एकेक उचलण्याचा मोह बहुतेकांना होतो, तसा तो मलाही झाला होता. त्यापेक्षा ही एकच फ्लाय चार-पाच आकारांत घ्यावी आणि तिला पाण्यावर नीट वाहू देणे शिकावे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. ते कशामुळे झाले आणि त्याला अपवाद कोणते, ते इथे लिहितो.

ज्यांनी हा प्रकार अजून हाताळलेला नाही, त्यांच्यासाठी दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला आमिष लावलेले नसते. गळावरच पिसे, केस, लव आणि दोरा बांधून किडा तयार केलेला असतो. हा किडा इतका हलका असतो की तो एकटा फेकताच येत नाही, म्हणून रॉडने प्रत्यक्षात फेकली जाते ती जाड, वजनदार लाइन. तिच्या टोकाला जोडलेला निमुळता दोरा, म्हणजे लीडर, आणि त्याच्या शेवटी असलेला केसासारखा बारीक टिपेट फ्लायला पाण्यावर अलगद उतरवतो. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला ड्राय फ्लाय म्हणतात आणि ॲडम्स त्याच जातीची आहे. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हेही लक्षात ठेवावे. १२ नंबरची फ्लाय करंगळीच्या नखाएवढी असते, तर २० नंबरची चिमटीत धरताना हरवून जाईल इतकी लहान.

या फ्लायचा जन्म १९२२ सालचा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मेफिल्ड येथे राहणाऱ्या लेनर्ड हॅलडे यांनी ती बांधली, त्यांचे मित्र चार्ल्स ॲडम्स यांनी ती बोर्डमन नदीवर प्रथम वापरली, आणि त्यांचेच नाव तिला मिळाले. जुन्या बांधणीत गळ्याभोवतीची पिसे उभी गुंडाळलेली असतात आणि पिसांच्या टोकांचे दोन पंख असतात. पंखांऐवजी एकच उभा तुरा घ्यायचा आणि त्याच्या बुंध्याभोवती पिसे आडवी गुंडाळायची, ही पॅराशूट बांधणी तिला नंतर मिळाली. बदल वरवर किरकोळ वाटतो, पण दोन्ही फ्लाय पाण्यावर शेजारी शेजारी सोडल्या की फरक लगेच कळतो. जुनी ॲडम्स पिसांच्या टोकांवर उंच उभी राहते आणि तिचे अंग पाण्याला जेमतेम टेकते. पॅराशूट ॲडम्सचे अंग मात्र पृष्ठभागावर सपाट टेकलेले असते, आडवी पिसे तिला चहूबाजूंनी तोलून धरतात, आणि वर राहतो तो तुरा. तो माशासाठी नसून काठावरून पाहणाऱ्या माणसासाठी आहे.

पाण्याखालून माशाला काय दिसत असेल याचा विचार केला म्हणजे या बांधणीचे मोल समजते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्यातून वर पाहणाऱ्याला बाहेरचे सगळे जग सुमारे ९७ अंशांच्या एका शंकूतूनच दिसते. त्या गोल खिडकीच्या बाहेरचा पृष्ठभाग खालून आरशासारखा असतो. वाहत येणारा किडा त्या खिडकीत शिरण्याआधी माशाला त्याचा पूर्ण आकार दिसत नाही; दिसतात ते त्याच्या पायांनी आणि अंगाने आरशावर उमटवलेले प्रकाशाचे ठिपके. मेफ्लाय हा पाण्यात वाढणारा पंखांचा किडा पाण्यावर बसून येतो तेव्हा असेच ठिपके उमटतात, आणि अंग टेकवून येणाऱ्या पॅराशूट फ्लायचे ठिपके त्यांच्या बरेच जवळ जात असले पाहिजेत, असे मला तिला मिळणाऱ्या प्रतिसादावरून वाटते. याच नियमातून आणखी एक कामाची गोष्ट निघते. मासा पृष्ठभागाच्या जितका जवळ, तितकी त्याची खिडकी लहान. म्हणून अगदी वरच्या थरात स्थिर राहून किडे टिपणाऱ्या माशासमोर फ्लाय हातभर बाजूने गेली तरी ती त्याला दिसतच नाही, आणि आपण मात्र ती नाकारली गेली असे समजून फ्लाय बदलत बसतो.

ही फ्लाय नेमक्या कोणत्या किड्याची नक्कल आहे, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, आणि माझ्या मते तिची खरी ताकद तीच आहे. मेफ्लायचे पिल्लू, ज्याला निंफ म्हणतात, ते पाण्याखाली दगडांना धरून वाढते. वाढ पूर्ण झाली की ते पृष्ठभागाशी येते, कात टाकते आणि करड्या, धुरकट पंखांची कोवळी मेफ्लाय पंख वाळेपर्यंत पाण्यावर वाहत राहते. ट्राउटला ती सोपी पडते ती याच वेळी. निरनिराळ्या जातींच्या अशा मेफ्लाय ऑलिव्ह, तपकिरी, राखाडी अशा अनेक छटांच्या असतात, आणि ॲडम्सचा करडा-तपकिरी गोंधळ त्यांतल्या एकीशीही पूर्ण जुळत नाही, पण बऱ्याच जणींशी पुरेसा जुळतो. काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचे ग्रिझली पीस आणि तपकिरी पीस एकत्र गुंडाळल्यामुळे रंग एकसंध न राहता तुटक दिसतो आणि स्थिर असलेली फ्लायसुद्धा हलल्यासारखी वाटते. हातात घेऊन उन्हात फिरवून पाहिली तर हे डोळ्यांनाही जाणवते.

जगाच्या इतक्या टोकांना एकच फ्लाय चालावी, याचे एक कारण मासेही तेच आहेत हे आहे. ब्राउन ट्राउट मूळचा युरोपचा. त्याची अंडी १८६४ मध्ये जहाजाने टास्मानियाला पोहोचली, १८८०च्या दशकात तो अमेरिकेतल्या नद्यांत सोडला गेला, आणि विसावे शतक उजाडण्याच्या सुमारास काश्मीरच्या नद्यांतही आला. रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या नद्यांतून असाच जगभर नेला गेला. थंड, प्राणवायूने भरलेले, वाहते पाणी आणि त्यात मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय यांसारखे किडे, ही या माशांची गरज सगळीकडे सारखी आहे. बदलतो तो पाण्याचा स्वभाव, आणि फ्लायची परीक्षा तिथे होते.

माझे सर्वांत आवडते पाणी म्हणजे पाऊस आणि वितळलेले बर्फ यांवर वाहणारी, गोट्यांच्या तळाची, उतारावरून खळाळत येणारी डोंगरी नदी. अशा नदीत किडे भरपूर असले तरी एकाच जातीचे ढीगभर क्वचित असतात, प्रवाह वेगाचा असतो, आणि समोरून जाणारा घास घ्यायचा की सोडायचा हे ठरवायला माशाला क्षणभरच मिळतो. इथे १४ आणि १६ नंबरची पॅराशूट ॲडम्स मी पूर्ण विश्वासाने बांधतो. नऊ फुटांचा लीडर, त्याच्या टोकाला ०.००६ इंच जाडीचा, म्हणजे ५ एक्सचा टिपेट, आणि फ्लायच्या पिसांना तरंगण्यासाठी लावलेला जेलचा लहानसा थेंब, एवढ्यावर दिवस निघतो. खळाळाच्या फेसाळ पाण्यातही तुरा नजरेतून सुटत नाही, आणि फ्लाय दिसत असली की ती नैसर्गिकपणे वाहते आहे की ओढली जाते आहे, हे आपल्याला कळते. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षाही महत्त्वाची आहे.

त्याचा एक अनुभव सांगतो. एका ढगाळ दुपारी खळाळ संपून डोह सुरू होतो तिथे, समोरच्या काठाला, पाण्यावर वाकलेल्या फांदीच्या सावलीत एक मासा वर येत होता. आवाज जवळजवळ नव्हता. पृष्ठभागावर एक लहान वर्तुळ उमटायचे आणि धारेबरोबर विरत खाली जायचे. माझ्या आणि त्याच्या मध्ये वेगाची धार होती आणि तो स्वतः काठालगतच्या मंद पाण्यात होता. पहिल्या चारही वेळा फ्लाय जागेवर उतरली, पण मधल्या धारेने लाइन आधी पुढे नेली, लाइनने फ्लायला खेचले, आणि तिच्या मागे पाण्यावर बारीक व्ही आकाराची रेघ उमटली. मासा एकदाही फिरकला नाही. फ्लाय बदलावी असे मनात आले, डबी उघडलीही, पण मग बदलला तो फेकण्याचा प्रकार. लाइन हवेत सुटल्यावर ती पाण्यावर पडण्याआधी रॉडचे टोक प्रवाहाच्या वरच्या बाजूला हात लांब करून नेले, त्यामुळे लाइन तिरपी, धारेच्या वर पडली आणि फ्लायला ओढ लागण्याआधी तीन-चार सेकंद मोकळे मिळाले. पांढरा तुरा फांदीच्या सावलीत शिरला, हातभर अंतर मुक्त वाहिला आणि नाहीसा झाला. रॉड उचलली तेव्हा दुसऱ्या टोकाला दीड वितीचा ब्राउन ट्राउट होता. पोट लोण्याच्या रंगाचे, कडेला लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडे. फ्लाय तीच होती जी आधी चार वेळा नाकारली गेली होती. त्या दिवसापासून या फ्लायला मी दोष देण्याआधी तिची ओढ तपासतो.

दुसऱ्या प्रकारचे पाणी म्हणजे झऱ्यांवर पोसलेली, संथ, काचेसारखी स्वच्छ नदी, आणि तिथे मात्र मला या फ्लायची मर्यादा स्पष्ट दिसली. इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यातल्या टेस्ट आणि इचेन या खडूच्या खडकांतून झिरपणाऱ्या पाण्याच्या नद्या, किंवा अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातली हेन्रीज फोर्क नदी, ही अशा पाण्याची प्रसिद्ध उदाहरणे. इथे पाण्याचे तापमान आणि पातळी वर्षभर फारशी बदलत नाही, पाणवनस्पती दाट असतात, किडे अफाट असतात, आणि एकाच जातीचे किडे एकाच वेळी हजारोंनी पाण्यावर येतात. मासा एका जागी स्थिर राहतो, वाहत आलेला प्रत्येक किडा पाहतो, आणि त्याला पाहायला वेळच वेळ असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेस्टच्या काठावर फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी प्रत्येक किड्याची शक्य तितकी हुबेहूब नक्कल बांधण्याचा आग्रह धरला, तो अशा पाण्यामुळेच; आणि पुढे इचेनवर मासे पकडणाऱ्या जी. ई. एम. स्क्यूज यांनी मासा पृष्ठभागाखालचे निंफ खात असेल तर निंफच दाखवावे, असे मांडले, तेही तसल्याच पाण्याचे निरीक्षण होते. ॲडम्सची विचारसरणी या दोघांपेक्षाही वेगळी आहे. ती थोडी थोडी सगळ्यांसारखी आहे, आणि संथ पाण्यातल्या माशाला तेवढे पुरत नाही.

अशा एका नदीवर मी एका माशासमोर जवळजवळ दोन तास घालवले. १६ नंबरची ॲडम्स त्याने एकदा वर येऊन, नाक फ्लायच्या अगदी खाली आणून, प्रवाहाबरोबर तिच्यासोबत मागे मागे जात पाहिली आणि तो शांतपणे परत तळाकडे गेला. त्यानंतर त्याने तिची दखलही घेतली नाही. पाण्यावर येत होत्या त्या ऑलिव्ह रंगाच्या, २० नंबरच्या आकाराच्या लहान मेफ्लाय. फ्लाय २० नंबरची केली, लीडर बारा फुटांचा, टिपेट ६ एक्सचा म्हणजे ०.००५ इंचाचा केला, आणि कात्रीने पिसांची संख्या कमी करून ती विरळ केली. तेव्हा तो आणखी एकदा वर आला, पण तोंड उघडले नाही. शेवटी त्याने घेतली ती विरळ, ऑलिव्ह अंगाची दुसरी फ्लाय. हा एकच मासा असता तर मी त्यावरून निष्कर्ष काढला नसता, पण पुढच्या हंगामातही संथ पाण्यावर असेच होत राहिले. किडे तुरळक असतील तर लहान ॲडम्स चालते. एकाच जातीचे किडे दाट आले की ती मागे पडते. ज्यांचे आवडते पाणी झऱ्यांचे आहे, त्यांनी हिच्या जोडीला त्या पाण्यावरच्या मुख्य मेफ्लायच्या रंगाची एक फ्लाय ठेवल्याशिवाय जाऊ नये.

तिसरे पाणी म्हणजे मोठ्या धरणाखालची नदी. जलाशयाच्या खोल थरातून सोडलेले पाणी उन्हाळ्यातही थंड राहते, म्हणून एरवी ट्राउट तग धरणार नाही अशा प्रदेशातही धरणाखाली तो जोमाने वाढतो. न्यू मेक्सिकोमधली नवाहो धरणाखालची सॅन वान नदी आणि युटामधली फ्लेमिंग गॉर्ज धरणाखालची ग्रीन नदी यांची कीर्ती यामुळेच आहे. इथे माशांचा मुख्य आहार बहुतेक वेळा पृष्ठभागाखाली असतो: मिजचे इवलेसे किडे, त्यांचे कोष, लहान निंफ. अशा पाण्यावर मी ॲडम्सला एकटी न वापरता तिच्या गळाच्या वाकाला हातभर टिपेट बांधून खाली एक लहान फेझंट टेल निंफ सोडली. ही निंफ इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे रक्षक फ्रँक सॉयर यांची. रानकोंबड्याच्या कुळातल्या फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, एवढ्याच साहित्याची. वरची ॲडम्स थबकली किंवा बुडाली की खाली काहीतरी घडले असे समजायचे. १४ नंबरची नीट बांधलेली फ्लाय हलक्या निंफचे वजन सहज पेलते, पण जड मण्याची निंफ लावली तर तिची पिसे दमतात आणि ती दर तिसऱ्या फेकीला बुडते. त्यासाठी फोमची जाड फ्लाय बरी. काही पाण्यांवर एकाच वेळी दोन फ्लाय वापरायला परवानगी नसते, तेव्हा तिथला नियम आधी पाहून घ्यावा.

टिकाऊपणाबाबत या फ्लायला मी चांगले गुण देतो, मात्र तिची निगा राखली पाहिजे. मासा लागला की त्याचा चिकट स्राव पिसांवर बसतो आणि पिसे एकमेकांना चिकटतात. मग तिला कितीही झटकले तरी ती तरंगत नाही. मी ती आधी वाहत्या पाण्यात हलवून धुतो, कोरड्या कापडात दाबून पाणी काढतो, मग ओलावा शोषणाऱ्या पांढऱ्या पावडरीच्या बाटलीत घालून दोन-चार वेळा हलवतो, आणि शेवटी फुंकर मारून जादा पावडर काढतो. या सगळ्याला अर्धा मिनिट लागतो आणि फ्लाय जवळजवळ नव्यासारखी उभी राहते. जेल मात्र कोरड्या, अजून न भिजलेल्या फ्लायलाच लावावे. ओल्या फ्लायला लावले तर आतले पाणी आतच राहते. हाताने नीट बांधलेली १६ नंबरची एक फ्लाय मी दहा-बारा माशांपर्यंत वापरली आहे, आणि अखेरीस ती निकामी झाली ती पिसे सुटल्यामुळे नव्हे, तर माशाच्या बारीक दातांनी अंगावरची करडी लव निघून आतला दोरा उघडा पडल्यामुळे.

याच्या अगदी उलट अनुभव दुसऱ्या हंगामात आला. एका विक्रेत्याकडून टपालाने दोन डझन पॅराशूट ॲडम्स मागवल्या होत्या. डबीत त्या सुरेख दिसत होत्या. नदीवर पहिली फ्लाय बांधायला घेतली तर गळाच्या डोळ्यात वॉर्निश सुकून भोक बुजलेले. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी दुसऱ्या गळाच्या टोकाने ते मोकळे करण्यात पाच मिनिटे गेली आणि समोर वर येणारे मासे तोवर थांबले. दुसरी फ्लाय पहिल्याच माशानंतर सुटली. तुऱ्याभोवतीचे पीस स्प्रिंगसारखे उलगडून लोंबू लागले. तिसऱ्या वेळी, माझ्या त्या हंगामातला कदाचित सर्वांत मोठा मासा धारेत शिरला आणि गळ सरळ होऊन मोकळा परत आला. तार मऊ होती. विक्रेत्याला छायाचित्रांसह कळवले, तेव्हा फ्लाय ही वापरून संपणारी वस्तू असल्यामुळे बदलून मिळत नाही, एवढेच उत्तर आले. मासा गेल्याचे दुःख होतेच, पण त्याहून जास्त सलले ते हे की त्या माशाच्या तोंडात मी माझ्या निष्काळजीपणाने कच्चा गळ घातला होता; तो तिथेच मोडून राहिला असता तर त्याची जबाबदारी माझीच होती.

तेव्हापासून विकत घेताना मी प्रत्येक फ्लाय हातात घेऊन पाहतो, आणि इतरांनीही पाहावी असे आग्रहाने सांगतो. डोळा उजेडासमोर धरून आरपार मोकळा आहे का ते बघावे. तुरा दोन बोटांत धरून हलकेच फिरवावा. तो गळावर फिरला किंवा पिसे बुंध्यावरून वर सरकली तर ती फ्लाय ठेवून द्यावी. पिसांचे तंतू गळाच्या टोक आणि दांडा यांमधल्या अंतराच्या दीडपट ते दुप्पट लांबीचे असावेत. फार लांब असले तर फ्लाय हवेत गरगर फिरते आणि बारीक टिपेटला पीळ पडतो. तंतू ताठ, चमकदार आणि बुंध्याशी लवविरहित असावेत, कारण मऊ लवेचे पीस पाणी शोषते. अंग शेपटीकडे बारीक आणि तुऱ्याकडे किंचित जाड असे निमुळते हवे. स्वस्त फ्लायमध्ये ते सर्रास गाजरासारखे फुगवलेले असते, आणि खरी मेफ्लाय एकदा जवळून पाहिलेल्या माणसाला ते लगेच खटकते. पारंपरिक साहित्यात अंगासाठी मस्करॅट या प्राण्याची करडी लव वापरतात. कृत्रिम धाग्याचे अंग असलेल्याही मी वापरल्या आहेत आणि माशांनी त्यांत फरक केल्याचे मला आढळले नाही.

हिच्याशी तुलना होऊ शकेल अशा दोन फ्लाय माझ्याकडे आहेत. अल ट्रॉथ यांची एल्क हेअर कॅडिस खळाळत्या पाण्यावर हिच्यापेक्षा जास्त वेळ तरंगते आणि संध्याकाळी कॅडिस उडत असतील तर मी हिच्याआधी तीच बांधतो. ली वुल्फ यांच्या नावाची रॉयल वुल्फ लाल पट्ट्यामुळे आणि पांढऱ्या पंखांमुळे दुरून दिसते आणि चढ्या पाण्यात उपयोगी पडते, परंतु शांत पाण्यावर तिचा भपका मासा बिचकवतो असा माझा अनुभव आहे. पाण्यावर काय उडते आहे हे काहीच कळत नसेल, तेव्हा मात्र या तिघींपैकी हात ॲडम्सकडेच जातो.

मी या फ्लाय काटा दाबूनच वापरतो. चिमट्याने गळाचा उलटा काटा सपाट केला की ओल्या हातात धरलेल्या माशाच्या ओठातून फ्लाय क्षणात निघते आणि मासा पाण्याबाहेर फार काळ राहत नाही. पॅराशूट ॲडम्सचा तुरा यातही उपयोगी पडतो, कारण माशाच्या तोंडात फ्लाय कुठे आहे ते पटकन दिसते. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सियसच्या वर गेले असेल तर फ्लाय कितीही चांगली असो, रॉड त्या दिवशी गुंडाळून ठेवावी. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून थकलेला ट्राउट सोडल्यावरही वाचेलच असे नसते.

नव्याने घेणाऱ्याने १४ आणि १६ नंबरच्या सहा-सहा, १८ च्या चार आणि २० च्या दोन घ्याव्यात. १२ नंबरची मला मोठ्या, गढूळ पाण्याखेरीज फारशी लागली नाही. त्यांतल्या निदान दोन काळ्या तुऱ्याच्या असाव्यात, कारण संध्याकाळी तिरप्या उन्हात पाणी चांदीसारखे चकाकू लागले की पांढरा तुरा त्यात मिसळून जातो आणि काळा मात्र शेवटपर्यंत दिसत राहतो.